कपाटातला पेशंट

कुंदाताई सामंतांच्या घरी कुणी गेलं की त्या आधी त्याला आत घेत, मग दाराला आतून कुलूप लावत, किल्ली कमरेला खोचत आणि मग म्हणत, "बस. पाणी देते." मी पहिल्यांदा गेलो तेव्हा तो कुलपाचा खटका ऐकून मी खुर्चीवरून अर्धा उठलो होतो. डोंबिवलीत, भर दुपारी, ओळखीच्या बाईंच्या घरात आपल्याला कुणी कोंडून ठेवेल, अशी माझी कल्पना नव्हती. तेवढ्यात आतल्या खोलीतून एक उंच, वाळलेले गृहस्थ आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, केस पाणी लावून चापूनचोपून बसवलेले. त्यांनी मला नाव-गाव काही विचारलं नाही. सरळ माझ्या कपाळावर उलटा हात ठेवला, जरा वेळ डोळे मिटले आणि म्हणाले, "ताप नाही. कामावर जा."

"माझे सासरे," कुंदाताई म्हणाल्या. "मलाही रोज हेच सांगतात. जायचं कसं ते मात्र सांगत नाहीत."

कुंदाताईंना मी ओळखत होतो तो वागळे इस्टेटमधल्या आमच्या कंपनीमुळे. त्या मोठ्या साहेबांच्या स्टेनो. मी नुकताच कॉम्प्युटर विभागात लागलो होतो आणि स्वतःला फार शहाणा समजत होतो. साहेब डिक्टेशन देताना वाक्याच्या मधेच हरवायचे. कुंदाताई त्यांना हाताला धरून वाक्याच्या शेवटापर्यंत आणून सोडायच्या, आणि पत्र टाइप होऊन आलं की साहेबांना वाटायचं आपण काय सुंदर इंग्रजी बोलतो. कंपनीत कॉम्प्युटर आले तेव्हा बाकीच्या बायका पदर सावरून लांब उभ्या राहिल्या. कुंदाताई खुर्ची ओढून बसल्या आणि मला म्हणाल्या, "हं, दाखव. पण हळू सांगू नकोस, मी काही म्हातारी नाही." आठवड्याभरात त्या माझ्या चुका काढू लागल्या.

त्यांचं बोलणंही डिक्टेशनसारखं असे. वाद मिटवायचा असला की म्हणत, "फुलस्टॉप. नेक्स्ट पॅरा." कॅन्टीनवाल्याशी चहाच्या रंगावरून झालेलं भांडण असो की साहेबांनी रजा नाकारलेली असो, फुलस्टॉप पडला की पडला. पुढे तो विषय त्या काढत नसत आणि दुसऱ्यालाही काढू देत नसत. रडणाऱ्या माणसाचा त्यांना राग यायचा. आमच्या रिसेप्शनवरच्या मुलीचं लग्न मोडलं तेव्हा तिला त्यांनी जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि कानात सांगितलं, "रडायचं तर भांडी घासताना रडावं. नळ चालू असतो, कुणाला ऐकू जात नाही." ती मुलगी हसली म्हणून मीही तेव्हा हसलो होतो.

अशा बाईंना एक दिवस ऑफिसात शेजारणीचा फोन आला. सासरे घरातून निघून गेलेत, सापडत नाहीत. कुंदाताई अर्ध्या पत्रावरून उठल्या आणि गेल्या. ते पत्र मग दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं. सासरे संध्याकाळी सापडले. पण कुंदाताई कामावर परत आल्या त्या फक्त राजीनामा द्यायला. साहेब "रजा घ्या, राजीनामा कशाला" म्हणत राहिले. त्यांनी फुलस्टॉप दिला आणि निघाल्या.

सासरे म्हणजे अण्णा. माजिवड्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात त्यांनी जन्मभर कंपाउंडरकी केली होती. रिटायर होऊन वर्षं झाली होती, पण डोक्यातलं सगळं हळूहळू पुसलं जात असताना दवाखाना तेवढा राहिला. सकाळ झाली की पांढरे कपडे घालून ड्युटीवर निघायचे. ते हरवले त्या दिवशी माजिवड्याला न जाता भलत्याच गाडीत बसून टिटवाळ्याला पोहोचले होते, आणि देवळासमोरच्या रांगेतल्या लोकांची कपाळं एकेक करून तपासत होते. गंमत म्हणजे रांगेतले लोक मुकाट्याने तपासून घेत होते. हे सांगताना कुंदाताई पोट धरून हसायच्या आणि मग उठून दाराचं कुलूप ओढून बघायच्या.

घरात दुसरं होतं कोण? यजमान जहाजावर, एकदा गेले की महिनोन्‌महिने समुद्रात. धाकटे दीर विजय बोरिवलीला, त्यांच्या दोन खोल्यांत त्यांचीच चार माणसं. कुंदाताईंना मूलबाळ नव्हतं, आणि त्यामुळे "तुला काय गं, तुझ्यामागे कुणाचं करायचं आहे" असं म्हणायला सगळ्यांना सोपं पडलं. मला या वाक्याचा आजही संताप येतो. त्या घराला कुलूप लागलं ते अण्णांसाठी, पण आत दोघं असायची. दूध, भाजी, वाणसामान सगळं जाळीच्या दारातून यायचं. कुंदाताई गॅलरीच्या गजांना धरून खालचा रस्ता बघायच्या. तिसऱ्या मजल्यावरून त्यांना नाक्यावरच्या रिक्षांची रांग दिसायची. ती किती लांब आहे यावरून त्या किती वाजले ते ओळखायच्या. सवाष्ण म्हणून, हळदीकुंकू म्हणून बोलावणी यायची. तीही पुढे पुढे बंद झाली.

नव्वदचं दशक सरत आलं होतं तेव्हा त्यांचा मला फोन आला. आवाज अगदी पूर्वीचा, ऑफिसात असायचा तसा होता. "शेखर, मला एक कॉम्प्युटर जोडून दे. आणि तो फोनला लावायचा डबा मिळतो ना, तोही."

नौपाड्यात एक नवी कंपनी निघाली होती. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की त्याची हकीकत तोंडी बोलून ठेवायचे. ते आवाज फोनच्या तारेवरून इथे यायचे, आणि इथल्या बायका ते कानाला लावून टाइप करून परत पाठवायच्या. घरबसल्या काम. कुंदाताईंनी कंपनीची परीक्षा फोनवरूनच दिली, कारण नौपाड्यापर्यंत जाणं त्यांना शक्य नव्हतं. औषधांची नावं त्यांना तोंडपाठ होती. इतकी वर्षं घरात अण्णा दुसरं बोलत कुठे होते? कंपनीने काही दिवस चाचणी म्हणून काम द्यायचं कबूल केलं. अट एकच होती: आलेली फाइल त्याच दिवशी संध्याकाळच्या आत परत गेली पाहिजे.

मी कॉम्प्युटर जोडून दिला, फोनचा तो डबा म्हणजे मोडेम लावून दिला. मोडेमने नंबर फिरवताना पहिल्यांदा किंकाळी फोडली, मग घरघर केली. अण्णा लगबगीने आले. "याला दमा आहे," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी कुंदाताई आंघोळीला गेल्या असताना त्यांनी मागच्या सगळ्या वायरी काढून नीट गुंडाळून ठेवल्या. विचारलं तर म्हणाले, "सलाइन संपलं होतं. सुया काढल्या." असं दोनचारदा झालं. मग कुंदाताईंनी सुताराला बोलावून प्लायवूडचं एक छोटं कपाट करून घेतलं. मशीन आणि मोडेम कपाटात, कॉम्प्युटरचा पडदा कपाटावर, कीबोर्डची आणि हेडफोनची वायर बाजूच्या भोकातून बाहेर. कपाटाला दार आणि दाराला कुलूप. त्या घरात कुठलीही अडचण आली की शेवटी कुलूपच यायचं.

आणि मशीन बंद पडायला लागलं. साधं टाइप करताना काही नाही. पण मोडेम लावून फाइल उतरवायला घेतली की थोड्या वेळाने पडदा थिजायचा, एकही कळ चालायची नाही. कधी सगळा पडदा निळा व्हायचा. अर्धी आलेली फाइल गेली, आता पुन्हा पहिल्यापासून. मोडेम काढला की बरं, लावला की पुन्हा तेच. दोष मोडेमचा हे उघड होतं. मी रविवारी कल्याणहून यायचो, कुलूप लावून घ्यायचो, कपाळ दाखवायचो आणि कामाला लागायचो. मोडेम बदलला. वायर बदलली. फ्लॉपीवरून त्याचा प्रोग्रॅम काढून नवा घातला. जिन्यातल्या टेलिफोनच्या डबीतली गंजलेली तार लाइनमनकडून बदलून घेतली. दरवेळी मशीन बाहेर काढून सतरंजीवर ठेवायचो, तासभर चालवून बघायचो, आणि ते गुणी बाळासारखं चालायचं. "झालं बघा कुंदाताई," मी हात झटकत म्हणायचो. मग ते उचलून जागेवर ठेवायचो, आणि त्या कुलूप लावायच्या. सोमवारी ऑफिसात फोन ठरलेला.

"तुझं गुणी बाळ पुन्हा आडवं झालं."

"काल तर चांगलं चाललं होतं!"

"तू असलास की चालतं. तू इथेच राहायला ये. एक कुलूप तुझ्यासाठीही लावते."

मला आतून थोडं बरंही वाटायचं. माझा हात लागला की यंत्रं ऐकतात, अशी माझी ऑफिसात ख्याती होती आणि ती मीच पसरवली होती.

कंपनीचे लोक मात्र कंटाळले. एकदा फाइल उशिरा गेली, पुन्हा एकदा गेली. आता परत उशीर झाला तर काम दुसऱ्या बाईंना देऊ, असं त्यांनी सांगितलं. त्या रविवारी मी गेलो तेव्हा कुंदाताई नेहमीसारख्या बोलल्या नाहीत. पलंगाखाली एक बॅग भरून ठेवलेली दिसली. मी विचारलं.

"अण्णांची आहे," त्या म्हणाल्या. "बदलापूरच्या पुढे एक वृद्धाश्रम आहे. मीच भाऊजींना सांगून नाव घालून ठेवलंय. जागा झाली की कळवतील. तू काय वाईट म्हणायचं ते म्हण."

"मी कुठे काय म्हणालो?"

"मग मीच म्हणते. वाईट आहे मी. शेखर, मला हे काम हवंय. वेळ जावा म्हणून नाही. दिवसातून थोडा वेळ मला कुणीतरी नुसती टायपिस्ट समजावं, एवढंच. ते घरात असताना हे व्हायचं नाही. मशीनकडे बघू की त्यांच्याकडे? एक दिवस मीच त्या कपाटात जाऊन बसेन." आणि मग, नळ चालू नसताना, त्या रडल्या. मी इतका गडबडलो की उगाचच स्क्रूड्रायव्हर पुसत बसलो.

त्या दिवशी मी सगळं पुन्हा तपासलं. मशीन सतरंजीवर छान चाललं. ते कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि निघणार, तर कुंदाताई म्हणाल्या, "आज असा जाऊ नकोस. मी आजची फाइल उतरवून घेते, तू बस. पोहे केलेत." किल्ली त्यांच्याकडे, तेव्हा बसण्यावाचून गत्यंतर नव्हतंच. मोडेमने किंकाळी फोडली, फाइल यायला लागली. मी पोहे खात होतो. अण्णा आले ते हातात रुमालाची ओली घडी घेऊन. कपाटापाशी उभे राहिले, दारावर उलटा हात ठेवला, डोळे मिटले.

"कुंदा, याला ताप भरलाय."

"अण्णा, ते कपाट आहे."

"कपाटाला नाही म्हणत मी. आत आहे त्याला. फणफणलाय नुसता. आणि तू दार लावून घेतलंस?"

मी पोह्यांचा घास तोंडात ठेवून हसलो. तेवढ्यात कुंदाताईंचा हात कीबोर्डवर आपटला. पडदा थिजला होता. माझ्या देखत पहिल्यांदाच.

अण्णा ओली पट्टी कपाटाच्या दारावर ठेवून हलक्या हाताने दाबत होते. मी उठलो आणि त्यांच्या शेजारी हात ठेवून पाहिला. प्लायवूड नुकत्याच भरलेल्या पोळ्यांच्या डब्यासारखं गरम लागत होतं. कुंदाताईंनी कुलूप काढलं तर आतून भपकाराच आला. एवढ्याशा बंद जागेत मशीन आणि त्याच्या डोक्यावर तो तापणारा मोडेम. टाइप करताना मोडेम बंद असायचा म्हणून निभावत होतं. तासभर फाइल उतरवायची म्हटली की दोघं एकमेकांना उकडून काढत होते. आणि मी शहाणा, दर रविवारी मशीन मोकळ्या हवेत आणून ते बरं झाल्याचं जाहीर करत होतो.

कुंदाताईंना मी समजावून सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मग इतक्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे दार उघडं असलं की चालतं आणि लावून घेतलं की मान टाकतं? अरे, एवढं तर मी तुला न बघता सांगितलं असतं!"

पण दार उघडं ठेवायचं कसं? अण्णांची ओली पट्टी तोवर थेट मशीनच्या दिशेने निघाली होती. मी ओरडलो. कुंदाताईंनी त्यांचं मनगट धरलं. आजवर अशा वेळी त्या समजावायच्या, अण्णा, हे यंत्र आहे, हात लावू नका, शॉक बसेल. ते ऐकायचे नाहीत, मग आवाज चढायचे. त्या दिवशी त्यांना काय सुचलं कोण जाणे, त्या एकदम हळू आवाजात म्हणाल्या, "अण्णा, पाण्याच्या पट्ट्या नकोत. डॉक्टरांनी नाही सांगितलंय."

"कोण डॉक्टर?"

कुंदाताईंनी मशीन पुन्हा चालू करून आदल्या दिवशीची एक फाइल लावली आणि हेडफोन अण्णांच्या कानाला धरला. सातासमुद्रापलीकडचा कोणी डॉक्टर त्याच्या पेशंटची हकीकत सांगत होता. अण्णांची पाठ ताठ झाली. दोन्ही हात बाजूला गेले. "येस सर," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "येस सर."

"काय म्हणाले डॉक्टर?" मी विचारलं.

"भराभर बोलतात," अण्णा म्हणाले. "कुंदाला कळतं."

"सलाइन काढायचं नाही," कुंदाताईंनी सांगितलं, "आणि वारा घालायचा. मी थांबा म्हणेपर्यंत." वीज गेली की लागतो म्हणून खिळ्याला अडकवलेला हातपंखा त्यांनी काढून अण्णांच्या हातात दिला. स्टूल कपाटासमोर ठेवलं. अण्णा बसले आणि उघड्या कपाटातल्या मशीनला वारा घालू लागले. अडकलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून घेतली, आणि ती पूर्ण उतरली. कुंदाताईंनी हेडफोन चढवला आणि त्यांची बोटं चालू लागली. ऑफिस सोडल्यानंतर तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. मला फार बरं वाटलं. फाइल वेळेत गेली.

कपाटाचं दार उघडं ठेवलं की वाऱ्याची तशी गरज नव्हती. पण हे अण्णांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं. सकाळी पांढरे कपडे घालून ते स्टुलावर बसायचे, दुपारी कुंदाताई "सुट्टी" म्हणाल्या की पंखा खिळ्याला अडकवून जेवायला यायचे. वाईट दिवस असायचेच. कधी स्टुलावरच कपडे ओले व्हायचे, कधी पंखा कुंदाताईंच्याच अंगावर यायचा. पण रोज सकाळचं अण्णांचं दाराशी जाऊन कडी वाजवणं थांबलं. ड्युटीवर असलेला माणूस ड्युटीला जायचं कशाला म्हणेल? कंपनीने कुंदाताईंना कायमचं काम दिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी विजय आले. त्या दिवशी मला सुट्टी होती, मी फोनची नवी लांब वायर टाकायला त्यांच्याकडे गेलो होतो. विजय वाईट माणूस नव्हते हे इथे सांगायला हवं. भाड्याची गाडी खाली उभी करून तीन जिने चढून आले होते, अण्णांसाठी नवा स्वेटर आणला होता. कुंदाताईंनी त्यांना आत घेतलं, कुलूप लावलं आणि पुन्हा खुर्चीवर बसल्या.

"वहिनी, जागा झालीये. त्यांचा फोन आलेला. आज नाही नेलं तर दुसऱ्याला देतील. मी हाफ डे टाकून आलोय."

"बसा भाऊजी. फाइल जातेय."

विजय बसले. मोडेमचे दिवे लुकलुकत होते. अण्णा वारा घालत होते. ते मुलाकडे बघत नव्हते. विजयनी पलंगाखालची बॅग ओढून दाराशी ठेवली आणि वडिलांजवळ उकिडवे बसले. "अण्णा, चला. फिरून येऊ या. गाडी आणलीये."

"ड्युटी सुटली नाही अजून," अण्णा म्हणाले.

"ठीक आहे, मी करतो तुमची ड्युटी. द्या तो पंखा." विजयनी अगदी हळू, लहान मुलाकडून काढून घ्यावा तसा तो पंखा त्यांच्या मुठीतून सोडवला. अण्णांनी विरोध केला नाही. पण त्यांचा हात थांबला नाही. रिकामी मूठ डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, तशीच हलत राहिली. मी कुंदाताईंकडे पाहिलं. त्या तो हात बघत होत्या.

फाइल गेली. मोडेमचा आवाज थांबला. आता त्या उठतील, बॅगेत राहिलेली औषधं घालतील, असं मला वाटलं. विजयनाही वाटलं असणार, कारण ते उभे राहिले. कुंदाताई उठल्या, विजयच्या हातातून पंखा घेतला आणि अण्णांच्या मुठीत परत दिला.

"भाऊजी, ते कामावर आहेत. आज येणार नाहीत."

"आज नाही तर कधी? वहिनी, तुम्हीच बोललेलात ना? मी किती लोकांच्या पाया पडून जागा मिळवलीये!"

"हो. मीच म्हणाले होते."

"मग आता काय झालं?"

"काही नाही झालं. फुलस्टॉप."

त्यांनी किल्ली काढून दार उघडलं. विजय उंबऱ्यापर्यंत जाऊन परत फिरले. स्वेटर खुर्चीवर ठेवून गेले. कुंदाताईंनी त्यांच्यामागे दार लावलं आणि कुलूप घातलं. कुलूप पटकन बसेना.

यापुढे सगळं चांगलं झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. तसं झालं नाही. अण्णा पुढे बरंच जगले आणि दिवसेंदिवस जड होत गेले. पुढे पुढे पंखा धरणंही त्यांना जमेना. आश्रमातली जागा गेली ती गेलीच. कुंदाताईंची आई कुडाळला वारली तेव्हा यजमान समुद्रात होते आणि विजय रागावलेले. ताईंना शेवटच्या दर्शनालाही जाता आलं नाही. त्या दिवशीही त्यांनी फाइल पाठवली. मी संध्याकाळी भेटायला गेलो तर स्वयंपाकघरात नळ वाहत होता आणि त्या बाहेर येत नव्हत्या. अण्णांनी माझं कपाळ पाहिलं आणि मला कामावर जायला सांगितलं. मी बसून राहिलो.

नवं शतक लागल्यावर काही वर्षांनी अण्णा गेले. समाचाराला येणारी प्रत्येक बाई हळूच म्हणायची, "सुटलीस गं." कुंदाताई तिला चहा विचारायच्या. काही महिन्यांनी त्या नौपाड्याच्या ऑफिसात जाऊ लागल्या. तिथल्या तरुण मुली त्यांना घाबरून असतात असं कळलं, ते ऐकून मला आनंद झाला.

माझी बदली नाशिकला झाली तेव्हा मी निरोप घ्यायला त्यांच्या ऑफिसात गेलो. त्या हेडफोन गळ्यात घेऊन खाली आल्या. आम्ही टपरीवर चहा घेतला. केस पांढरे झाले होते. जायचंच होतं, पुन्हा कधी भेट होईल ठाऊक नव्हतं, म्हणून मी मनातलं विचारून टाकलं. "कुंदाताई, त्या दिवशी अण्णांना जाऊ दिलं असतंत, तर कितीतरी आधी इथे आला असतात. वाईट नाही वाटत?"

"वाटतं ना," त्या लगेच म्हणाल्या. "आईचं वाटतं. त्या सगळ्या वर्षांचं वाटतं. कुणी विचारलं नाही म्हणून बोलले नाही. मला फार सुटायचं होतं रे, शेखर. बॅग मीच भरली होती." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "पण माणूस कामात असताना त्याला असं मधूनच उठवून न्यायचं नसतं. मला नेलं होतं, अर्ध्या पत्रावरून. काय होतं ते मला ठाऊक आहे."